जुनी पिकअप घरीच दुरुस्त करून नव्याने उभी करायचीय? मग ती चालती ठेवूनच काम करा

सगळ्यात आधी हेच सांगतो, गाडी दारात आली की लगेच पूर्ण खोलायला घेऊ नका. कितीतरी जुन्या ट्रकांची गोष्ट तिथेच संपते, पहिल्या महिन्यात उत्साहाने दारं काढली, बॉनेट काढलं, हौदा उतरवला, इंजिन बाहेर, आणि वर्षभराने काय उरतं तर चासीचा सांगाडा आणि वीस खोकी, कुठला बोल्ट कुठला ते कुणालाच आठवत नाही, मग एक दिवस ती खोक्यांसकट विकली जाते. म्हणून माझं ठाम मत आहे की गाडी चालती ठेवायची आणि एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पूर्ण करायचा, गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणायची आणि मगच पुढचा भाग. क्रमही ठरलेला, आधी गाडी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग वायरिंग, मग गंज, मग रंग, आणि हौसेच्या गोष्टी त्यातल्या त्यात जिथे बसतील तिथे.

मी ज्या गाडीवर शिकलो ती १९६९ ची शेव्हरोले सी-१०, सहा सिलिंडरचं २५० क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण ४.१ लिटरचं इंजिन. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला इतकी मोकळी जागा की हात कुठेही आरामात जातो, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, जे आहे ते डोळ्यांना दिसतं. फोर्ड एफ-१०० असो की त्या काळातली डॉज, खालचं बरंचसं तिलाही लागू पडेल, पण आपल्या गाडीच्या वर्षाचं फॅक्टरी शॉप मॅन्युअल, म्हणजे कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक, मिळवाच, टॉर्कचे आकडे आणि वायरिंगचे नकाशे त्यातूनच घ्यायचे.

गाडी अजून घ्यायची असेल तर रंग बघू नका, इंजिनचा आवाजही नंतर, आधी गंज बघा. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा आणि केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर, दाराखालच्या रॉकर पॅनलवर, पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागावर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मॅट उचलून फ्लोअर बघा, खाली झोपून केबिन चासीवर जिथे बसते ते माउंट बघा, छताच्या कडेची पन्हळ बघा, काचेच्या खालचा काउल बघा. चासीवर स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास चिरा आहेत का तेही टॉर्च मारून बघा. बिघडलेलं इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण पन्हळ आणि काउल सडलेली केबिन दुरुस्त करणं हे पहिल्या गाडीत झेपणारं काम नाही, तशी गाडी सोडून द्या. आणि कागदावरचा नंबर व गाडीवरच्या पट्टीचा नंबर जुळतो ना ते पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही.

काम सुरू करायच्या आधी दोन सवयी लावून घ्या. एक म्हणजे फोटो, काहीही सोडवायच्या आधी तीन कोनांतून, आणि काढलेले नट-बोल्ट वायसरसकट पिशवीत घालून वर मार्करने कुठले ते लिहायचं, "डावं दार, वरचं बिजागर" इतकं स्पष्ट. दुसरं म्हणजे नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. चांगले जॅक स्टँड, खाली सपाट पक्की जमीन, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि आत शिरण्याआधी गाडीला खांद्याने जोरात हलवून बघायचं. जाम झालेल्या बोल्टावर टॉमीला लोंबकळताना गाडीवर किती जोर येतो ते वरून कळत नाही.

आता ब्रेक. १९६७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दोन चाकांना ब्रेक राहतो. तुमची गाडी त्याआधीची असेल आणि एकच वाटी असलेला मास्टर असेल तर सगळ्या हौसेच्या खर्चाआधी तो बदलून दोन सर्किटचा करा. ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून खाली तसराळ्यात पडू द्या. व्हील सिलिंडरचं रबर मागे ओढून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. रबरी होज बाहेरून कितीही चांगले दिसले तरी सरसकट नवे घाला, ते आतून फुगतात, मग पेडल सोडल्यावरही चाक धरून ठेवतात आणि माणूस आठवडाभर ड्रममध्ये दोष शोधत बसतो.

लोखंडी लाइन गंजल्या असतील तर कॉपर-निकेलची नळी घ्या, हाताने वळते आणि गंजत नाही. टोकं डबल फ्लेअरच, म्हणजे नळीची कड दुहेरी दुमडून पसरवलेली, करायची, नळाच्या कामाला वापरतात तसले कॉम्प्रेशन जोड ब्रेकमध्ये चालत नाहीत. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ टाका, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नाही. मग हवा काढायची, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं हवा सोडायचं निपल पाव फेरा सोडायचं, बुडबुडे येऊ द्यायचे, निपल आवळायचं आणि मगच "सोड" म्हणायचं. मास्टरमधलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पहिल्यापासून सगळं परत.

पुढे डिस्क बसवायची इच्छा प्रत्येकाला होते आणि ती योग्यच आहे. सी-१० ला कंपनीने १९७१ पासून पुढे डिस्क दिल्या, पण त्याच वर्षी चाकाचं ड्रिलिंगही बदललं, आधी ५.५ इंचाच्या वर्तुळावर सहा बोल्ट होते ते ५ इंचाच्या वर्तुळावर पाच झाले. म्हणजे ७१-७२ चे भाग जुन्या गाडीला लावले तर पुढे पाच बोल्टांची चाकं आणि मागे सहा, एकच स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. म्हणून डिस्क, मागचे हब आणि नवीन रिम हा निर्णय एकदमच घ्या. डिस्क लावल्यावर पुढच्या-मागच्या दाबाचा मेळ बसवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्वही लागतो, तो विसरला तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी होते.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर स्टार्टर मारून बघायचा मोह आवरा. माझ्या गाडीचं इंजिन जाम होतं, पिस्टन रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या होत्या. सगळे प्लग काढले, प्रत्येक भोकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अ‍ॅसिटोन अर्धं अर्धं मिसळून थोडं थोडं ओतलं आणि पाच दिवस हात लावला नाही, फक्त रोज संध्याकाळी पातळी उतरलीय का ते बघायचं आणि परत घालायचं. हे मिश्रण पेट घेतं म्हणून आसपास ठिणगी नको, दार उघडं हवं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला बोल्ट असेल तर लांब टॉमी लावून फिरवता येतं, नसेल तर खालचं झाकण काढून फ्लायव्हीलच्या दात्यांना मोठ्या स्क्रूड्रायव्हरने रेटायचं. झटका द्यायचा नाही, एकाच दिशेने जबरदस्ती करायची नाही, थोडं पुढे थोडं मागे. सहाव्या दिवशी क्रँक एक केसभर हलला, नुसतं हातालाच जाणवलं, डोळ्याला नाही, आणि मग तासाभरात हळूहळू पूर्ण फेरा बसला. त्यानंतर प्लग न लावता फिरवून आतलं सगळं बाहेर येऊ दिलं (प्लगच्या भोकांसमोर तोंड आणू नका, जोरात उडतं), ऑइल आणि फिल्टर बदलला, आणि मगच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, गेजने तपासलं. सगळ्यात कमी सिलिंडरचा आकडा सगळ्यात जास्तच्या पाऊण पटीपेक्षा खाली नसेल तर इंजिन उघडायची घाई करू नका. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा, आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व.

डिस्ट्रिब्यूटर (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) पॉइंटचा असेल तर पॉइंटची गॅप ०.०१६ ते ०.०१९ इंच, सहा सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४, त्या काळच्या शेव्हरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८ चा १-८-४-३-६-५-७-२, प्लगच्या वायरी एक एक करूनच बदला म्हणजे गोंधळ होत नाही. या जुन्या इंजिनांचे टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व उघडणारे भाग) सपाट बुडाचे असतात आणि त्यांना ऑइलमध्ये झिंकचं प्रमाण जास्त लागतं, आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं, म्हणून जुन्या इंजिनासाठीचंच ऑइल घ्या. आणि नवीन कॅम बसवला असेल तर पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर सोडायचं नाही, लगेच २००० च्या वर आरपीएम घेऊन वीस मिनिटं तसंच चालवायचं, कॅम आणि टॅपेटच्या बुडाला ऑइल मिळायचं ते क्रँकच्या फिरण्याने उडणाऱ्या शिंतोड्यांतूनच.

पेट्रोलची टाकी या ट्रकांत सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येणं "जुन्या गाडीत चालायचंच" म्हणून सोडू नका, भरायच्या नळीचं रबर आणि टाकीवरचं सील बदला. सगळे होज आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारे घ्या, जुनं रबर त्यात मऊ पडून कार्बोरेटरमध्ये भुगा जातो. आणि रिकामी टाकी वेल्ड करायला घेऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, नवी टाकी घ्या.

वायरिंगबद्दल थोडक्यात. इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल तर जोड मारत बसू नका, पूर्ण नवीन हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) घाला. इंजिन ते चासी, चासी ते केबिन, दोन्ही अर्थिंगच्या पट्ट्या नव्या, खालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर, निम्म्या विचित्र तक्रारी तिथेच मिटतात. हेडलाइटला रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) लावा, जुन्या स्विचमधून सगळा करंट गेला की दिवे पिवळे पडतात आणि स्विच तापतो. पन्नासच्या दशकातल्या सहा व्होल्टच्या गाड्या बारावर नेताना बल्ब, कॉइल, हीटरची मोटर आणि डॅशबोर्डवरचे मीटर यांचा हिशोब आधी करा.

आता गंज, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण घरी केलेली गाडी पाच वर्षांनी कशी दिसेल ते इथेच ठरतं. केबिनचा मागचा कोपरा बाहेरून सडलेला दिसतो पण तो आतून सडतो, काचेच्या रबरातून पाणी आत झिरपतं, खाली जातं, बाहेर पडायची भोकं चिखलाने बुजलेली असतात, मग ते पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये साचून राहतं. त्यामुळे नुसता वरून पत्रा मारून काही होत नाही, रबर बदललं पाहिजे, भोकं मोकळी केली पाहिजेत आणि आतल्या पत्र्याचंही काम झालं पाहिजे.

कापायच्या आधी दार लावून फटी बघा आणि मोजून लिहून ठेवा. रॉकर कापणार असाल तर दाराच्या चौकटीत एक आडवा आणि एक तिरका पाइप तात्पुरता वेल्ड करून टाका, नाहीतर केबिन बसते आणि मग दार कधीच नीट लागत नाही, आणि एका वेळी एकच बाजू कापा. नवीन पॅनल पूर्ण आकाराचं मिळालं तरी ते सगळं वापरायचं नाही, खराब आहे तेवढंच आणि त्याच्या पलीकडे बोटभर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. पॅनल जुन्यावर ठेवून रेघ मारा, पातळ डिस्कने कापा, कडा कानशीने घासत घासत असं बसवा की मध्ये पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त फट राहणार नाही. एकावर एक चढवून वेल्ड करणं सोपं पडतं पण त्या घडीत पाणी शिरून परत तिथेच गंज येतो, दिसणाऱ्या भागात तरी कडेला कड लावूनच करा.

मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), ०.६ मिमीची तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस, हे बाह्य पत्र्याला बरोबर जमतं. सलग रेघ ओढायची नाही, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग त्यांच्या मध्ये, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतका पत्रा थंड होऊ द्यायचा. घाई केली की पत्रा ओढला जातो आणि बशीसारखा खड्डा पडतो, तो काढायला वेल्डिंगच्या दसपट वेळ जातो. भोक पडायला लागलं तर मागे तांब्याची पट्टी धरा, तांब्याला वेल्ड चिकटत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर मुलामा आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत जाऊन ताप भरतो. आणि वेल्डिंगच्या जागेवर क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारून लगेच आर्क लावू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंग झाल्यावर आतल्या पोकळीत लांब नळीच्या स्प्रेने मेणाचं कोटिंग मारा, पण रंगकाम संपल्यावर, आधी मारलं तर ते सांध्यातून झिरपून रंग धरू देत नाही.

छोटे सुटे भाग, कंस, बिजागरं, यांचा गंज काढायला धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जरने केलेलं इलेक्ट्रॉलिसिस छान काम करतं, भाग निगेटिव्हला, जुनी लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका.

रंगाच्या आधी सगळं एकदा कोरडं जुळवून बघायचं, दारं, मडगार्ड, बॉनेट, दिवे, बंपर, सगळ्या फटी बसवून घ्यायच्या आणि मग परत काढायच्या. रंग झाल्यावर बिजागराचं भोक मोठं करायची वेळ आली की जीव तुटतो. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, ठरलेल्या वेळेत त्यावर पुट्टी, आणि पुट्टी कुठेही ३ मिमीपेक्षा जाड नको, लागत असेल तर हातोडी आणि डॉली घेऊन परत पत्र्याकडे या. मग ८० नंबरचा घासायचा कागद, १८०, सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर) मारून ३२०, पुढे ४०० ते ६०० पाण्याने, कायम ठोकळ्यावर लावून, नुसत्या बोटांनी घासलं तर उन्हात लाटा दिसतात. सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासा, जिथे काळं उरतं तिथे खड्डा, जिथे लगेच प्रायमर उघडा पडतो तिथे उंचवटा. हार्डनर घालायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतात, त्याचा त्रास एकदा सुरू झाला की आयुष्यभर राहू शकतो, साध्या मास्कवर भरवसा ठेवू नका, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे शेवटचं काम व्यवस्थित बूथ असलेल्याला द्या. बाकी सगळी तयारी घरी केलीत तर ती गाडी तुमच्याच हातची आहे.

जुना रंग अजून जिवंत असेल, उन्हाने विरलेला पण खरा, तर तो तसाच ठेवण्याचाही विचार करा. नवीन रंग केव्हाही मारता येतो, पन्नास वर्षांचा रंग परत आणता येत नाही.

हौद्याच्या लाकडी फळ्या बदलणं हे सगळ्यात आनंदाचं काम. ओक किंवा अ‍ॅशच्या फळ्या, मध्ये लोखंडी पट्ट्या, चौकोनी मानेचे स्टेनलेसचे बोल्ट. फळीच्या सहाही बाजूंना आणि प्रत्येक भोकाच्या आतही तेल किंवा व्हार्निश लावून मगच बसवा, भोक बोल्टापेक्षा जरा मोठं ठेवा, लाकूड पावसाळ्यात फुगतं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात, पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बदल करताना मी एकच प्रश्न विचारतो, हे उद्या परत पहिल्यासारखं करता येईल का? ड्रॉप स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग, गाडी खाली येईल असा बनवलेला) बोल्टवर लागतात, बोल्टवर निघतात, गाडी पुढून साधारण अडीच इंच खाली येते आणि स्प्रिंग तीच राहत असल्याने चालही बिघडत नाही. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेणं मला पटत नाही, ती दणके देते आणि शॉक लवकर जातात. सी-१० ला मागे कॉइल स्प्रिंग आणि एक टोक चासीला आणि दुसरं अ‍ॅक्सलला बांधलेला आडवा पॅनहार्ड रॉड असतो, मागून चार इंच खाली घेतलं की तो रॉड आपल्या चापात फिरतो आणि अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, एक टायर मडगार्डला टेकतो आणि दुसरा आत जातो. उपाय सोपा आहे, लांबी बदलता येणारा रॉड लावा, गाडी चारही चाकांवर उभी असताना दोन्हीकडचं अंतर मोजून बसवा. सीट बेल्टचे पट्टेही घाला, आणि त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यातून नाही, खाली जाड पोलादी प्लेट देऊन. दारांच्या आत आणि फ्लोअरवर आवाज रोखणारी शीट लावलीत तर गाडीचा खडखडाट निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो.

पहिल्या लांब फेरीनंतर चाकांचे नट टॉर्कवर परत आवळा, हबला हात लावून कुठलं चाक जास्त तापलंय ते बघा, खाली पुठ्ठा पसरून सकाळी त्यावर कुठले थेंब पडलेत ते ओळखा, लालसर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, काळपट इंजिन ऑइल, हिरवट कूलंट. आणि पहिला मोठा पाऊस झाला की दारांच्या खाली आणि केबिनच्या त्या कोपऱ्यांखाली वाकून बघा, भोकांतून पाणी बाहेर ठिबकताना दिसलं पाहिजे, नसेल दिसत तर तार घालून लगेच मोकळी करा.